तापवलेल्या सिलिकावर रॅडिकल तयार होतात की नाहीसे होतात?

सिलिकाच्या पृष्ठभागावरचं संशोधन वाचायला घेतलं की पहिल्या महिन्यातच एक गोंधळ समोर येतो. एक पेपर म्हणतो, सिलिकाची पूड ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली आणि तिच्यावरचे रॅडिकल जवळजवळ संपले. दुसरा म्हणतो, जी सिलिका प्रचंड तापमानाला बनते तिच्यातूनच पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल मिळतात. थंडपणे, द्रावणात बनवलेल्या सिलिकातून ते फारसे मिळत नाहीत. पहिला पेपर १९९९ चा, तुरीनच्या बिचे फुबिनी आणि सहकाऱ्यांचा, क्रिस्टोबलाइटवरचा. दुसरा २०१२ चा, अमेरिकेतल्या जेफ्री ब्रिंकर आणि आंद्रे नेल यांच्या गटांचा, फ्यूम्ड सिलिकावरचा. दोन्ही नावाजलेल्या जर्नलमधले. मग खरं कोणाचं?

दोघांचंही. पण हे कसं, ते समजून घ्यायला ‘तापवलेली सिलिका’ हा शब्दप्रयोग जरा सोलून बघावा लागतो. कधी तापवली? फोडण्याआधी की फोडल्यानंतर? गार कशी केली? त्यानंतर पाणी लागलं का? या प्रश्नांची उत्तरं नसतील तर ‘८०० अंश, दोन तास’ ही माहिती असून नसल्यासारखी आहे. तुमच्यापैकी अनेक जण पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची किंवा पहिल्या प्रपोजलची तयारी करत असाल. या विषयावर काम करायचं नसलं तरी हे उदाहरण उपयोगी पडेल, कारण इथे रसायनशास्त्र फार अवघड नाही आणि तरीही चुकीचा निष्कर्ष काढणं अगदी सोपं आहे.

आधी पृष्ठभाग बघू. सिलिकात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये वाटलेला असतो. आतमध्ये हे जाळं सलग चालतं. पृष्ठभागावर मात्र ते कुठेतरी संपायलाच हवं. तिथे उघडी पडलेली टोकं हवेतलं पाणी घेऊन स्वतःला बंद करतात आणि सिलिकॉनवर एक ओएच गट बसतो. याला सिलॅनॉल म्हणायचं. हे गट किती असतात याचं सर्वांत जास्त उद्धृत होणारं उत्तर झुराव्हलेव्ह या रशियन रसायनज्ञाचं आहे. त्यांनी ओएचमधल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घालून, शंभर वेगवेगळ्या अस्फटिकी सिलिकांवर मोजणी केली. पृष्ठभाग पूर्ण भरलेला असेल तर एका चौरस नॅनोमीटरवर साधारण ४.६ ते ४.९ सिलॅनॉल, नमुना कुठलाही असो. एका ग्रॅमला २०० चौरस मीटर पृष्ठभाग असलेली सिलिका घेतली तर हिशेब एकावर एकवीस शून्यांच्या जवळ जातो. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तापवायला लागू. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला टीएलसी प्लेट ‘ॲक्टिव्हेट’ करायला आपण ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतो. तिथे जातं ते फक्त वर चिकटलेलं पाणी. सिलॅनॉल जागच्या जागी राहतात. खरा बदल २०० च्या आसपास सुरू होतो. शेजारीशेजारी बसलेले दोन सिलॅनॉल एकत्र येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि मागे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पूल उरतो. ४०० च्या पुढे शेजारी असलेले बहुतेक संपलेले असतात, एकटेदुकटे उरतात. इन्फ्रारेडमध्ये ३७४७ या वेव्हनंबरला टोकदार रेघ दिसते ती या एकट्यांची. १००० ते १२०० अंशांपर्यंत तेही जवळपास नाहीसे होतात.

या सगळ्या प्रक्रियेत एक गोष्ट निसटून जाते. दोन सिलॅनॉल जोडले जाताना इलेक्ट्रॉन कुठेही एकटा पडत नाही. जोडी तुटते ती जोडीनेच दुसरीकडे जाते. रॅडिकल म्हणजे पाठ्यपुस्तकातलं ‘मुक्तमूलक’, ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना आहे असा अणू किंवा गट. सिलॅनॉल निघून जाण्यात असा इलेक्ट्रॉन तयारच होत नाही. म्हणजे ‘तापवलं, पाणी गेलं, म्हणून रॅडिकल आले’ ही साखळी मधेच तुटलेली आहे. सेमिनारमध्ये ती फार वेळा ऐकायला मिळते, त्यामुळे मुद्दाम सांगतोय.

बरं, मग उष्णतेने थेट बंधच तुटत असतील का? हिशेब करून बघा. सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाची ऊर्जा मोलला सुमारे ४५० किलोज्यूल. ८०० अंश सेल्सिअस म्हणजे १०७३ केल्विन. तिथे आरटी भरतो मोलला ८.९ किलोज्यूल. गुणोत्तर पन्नासच्या घरात. ई चा उणे पन्नासावा घात म्हणजे पाच कोटी कोटी कोटींमध्ये एक. हा ढोबळ अंदाज आहे, पण दिशा स्पष्ट आहे. धडधाकट बंध ८०० अंशांवर दोन रॅडिकलमध्ये फुटून तसाच पडून राहील अशी अपेक्षा ठेवायला जागा नाही. चुकून तुटलाच तरी दोन्ही टोकं शेजारी आहेत, गरम आहेत, हलतायत. ती परत जुळणार.

उलट ज्या रॅडिकलना थंड जाळ्यात अडकून पडल्यामुळे जोडीदार मिळत नव्हता, त्यांना उष्णता हालचाल देते. ते शेजाऱ्याशी जुळतात, आसपासच्या पाण्याशी किंवा हायड्रोजनशी जुळतात, आणि संपतात. याचा पुरावा ईपीआर करणाऱ्यांच्या रोजच्या कामात आहे. ईपीआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात एकट्या इलेक्ट्रॉनचा सिग्नल पकडणारं तंत्र; आपल्याकडे अनेक जण ईएसआर म्हणतात. त्याची नमुना ठेवायची नळी स्वतःच शुद्ध सिलिकाची असते. नमुना नळीत ठेवून गॅमा किरण दिले तर नळीच्या काचेतही रॅडिकल तयार होतात आणि तिचाच सिग्नल नमुन्याच्या सिग्नलवर बसतो. यावर जुनी युक्ती अशी: किरण दिल्यावर नमुना नळीच्या एका टोकाला सरकवायचा, दुसरं टोक ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवायचं, गार झालं की नमुना त्या टोकाला आणून मोजायचा. तापवलेल्या टोकातला सिग्नल गेलेला असतो.

म्हणजे उष्णता रॅडिकल मारते. १९९९ चा पेपर बरोबर. मग हे रॅडिकल मुळात आले कुठून?

मुख्यतः फोडण्यातून. क्वार्ट्झचा कण दळला की बंध जबरदस्तीने तुटतात. काही ठिकाणी दोन्ही इलेक्ट्रॉन एका बाजूला जातात आणि धन-ऋण टोकं उरतात. काही ठिकाणी एकेक इलेक्ट्रॉन वाटला जातो आणि दोन रॅडिकल उरतात, एक सिलिकॉनवर, एक ऑक्सिजनवर. सिलिकॉनवरच्याला ई-प्राइम सेंटर म्हणतात. क्वार्ट्झच्या आत, किरणांमुळे तयार होणारं त्याचं भावंड १९५६ मध्ये वीक्स यांनी नोंदवलं होतं. त्याचं जी-मूल्य मुक्त इलेक्ट्रॉनच्या २.००२३ पेक्षा किंचित कमी असतं. पृष्ठभागावरचं ई-प्राइम मात्र हवेत टिकत नाही, लगेच ऑक्सिजनचा रेणू धरून पेरॉक्सी रॅडिकल बनतं, आणि त्याची रेघ २.००२३ च्या वर पसरलेली दिसते. म्हणूनच १९७२ मध्ये होखस्ट्रासर आणि अँटोनिनी यांनी ताज्या सिलिका पृष्ठभागाचा अभ्यास केला तो अतिउच्च निर्वातात. हवेत केला असता तर मूळ पाहुणा कोण होता ते कळलंच नसतं.

हे रॅडिकल कितपत टिकतात? १९८८ मध्ये वल्याथन आणि सहकाऱ्यांनी ताज्या दळलेल्या क्वार्ट्झवर मोजलं. हवेत ठेवल्यास त्यांचं अर्ध-आयुष्य सुमारे ३० तास होतं. पाण्यात मात्र त्यांची क्रिया लगेच सुरू होऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल दिसले. ताज्या धुळीचा धोका शिळ्या धुळीपेक्षा वेगळा असू शकतो, हा विचार या कामामुळे पुढे आला. सँडब्लास्टिंग करणाऱ्या कामगारांना काही वर्षांतच सिलिकोसिस का गाठतो, याचं एक संभाव्य उत्तर त्यात होतं.

इथे खंबायतचं उदाहरण देतो, कारण तापवणं आणि फोडणं यांचा क्रम तिथे अगदी डोळ्यांसमोर असतो. गुजरातमधल्या खंबायतला अकीकाचे मणी बनवण्याची परंपरा फार जुनी आहे. अकीक म्हणजे बारीक स्फटिकांची सिलिकाच. दगड मातीच्या भांड्यात, भुसा किंवा गोवऱ्यांच्या मंद आंचेवर भाजतात. दगडातल्या लोहाच्या संयुगांतून पाणी जाऊन हेमाटाइट तयार होतं आणि रंग लाल होतो. शिवाय भाजलेला दगड नीट फुटतो. मग छिलाई, घासाई, भोकं पाडणं. कारागिरांमध्ये सिलिकोसिसचं प्रमाण मोठं आहे आणि ते वर्षानुवर्षं नोंदलं गेलं आहे. आता कोणी म्हणेल, ‘हा तर भाजलेला दगड; उष्णतेने रॅडिकल मरतात ना?’ मरतात. पण भाजणं आधी होतं आणि घासणं नंतर. घासताना उघडा पडणारा प्रत्येक पृष्ठभाग नवाच असतो, त्याने ती भट्टी पाहिलेलीच नसते. (त्यातही गोवरीच्या आंचेचं तापमान काही शे अंश, ८०० नव्हे.)

फुबिनींच्या प्रयोगात क्रम उलटा होता: पूड आधी होती, तापवणं नंतर. तो प्रयोग सविस्तर बघण्यासारखा आहे, कारण त्याची मांडणी सुरेख आहे आणि त्यातली अडचणही शिकण्यासारखी आहे. प्राण्यांच्या फुप्फुसात तंतुमय व्रण निर्माण करणारी म्हणून माहीत असलेली क्रिस्टोबलाइटची पूड घेतली. एक भाग तसाच ठेवला, एक ८०० अंशांना तापवला, एक १३०० ला. कणांचा आकार आणि स्फटिकरचना जवळपास तीच राहिली. फक्त १३०० वाल्यात कण थोडे एकमेकांना चिकटून पृष्ठभाग कमी झाला. ईपीआरमध्ये रॅडिकल हळूहळू कमी होत गेले आणि ८०० च्या पुढे बहुतांश गेले. पाण्याची वाफ किती शोषली जाते ते मोजलं, तर ८०० वाल्यावर पाणी धरणारे काही ठिपके शिल्लक होते, १३०० वाला पूर्ण जलविरोधी झाला होता.

मग पेशींवर चाचण्या. मूळ पूड पेशी मारते. १३०० वाली जवळजवळ निरुपद्रवी. आता तुम्ही रिव्ह्यूअर आहात असं समजा. फक्त हे दोनच नमुने समोर असते तर काय म्हणाला असता? ‘रॅडिकल गेले, विषारीपणा गेला, म्हणून रॅडिकल हेच कारण.’ पण त्याच वेळी पृष्ठभाग जलविरोधीही झालाय. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं, असं होईल. सगळा जीव ८०० वाल्या मधल्या नमुन्यात आहे. त्याच्यावर रॅडिकल फारसे नाहीत, पण पाणी धरणारे ठिपके आहेत. उंदराच्या जे७७४ पेशींवर तो नमुना अजूनही घातक ठरला. घुशीच्या फुप्फुसातल्या एका पेशीवाणावर मात्र त्याचा परिणाम बराच कमी झाला. म्हणजे उत्तर पेशीगणिक बदललं. लेखकांनी निष्कर्षात दोन्ही कारणं शेजारीशेजारी ठेवली: रॅडिकल नसणं आणि जलविरोधी असणं. मला हा संयम आवडतो. प्रपोजल लिहिताना आपण इतकं थांबत नाही.

पुढच्या वीस वर्षांत तुरीनच्याच परंपरेतल्या लोकांनी हा धागा ओढत नेला. प्रयोगशाळेत वाढवलेले, न फोडलेले क्वार्ट्झचे स्फटिक घेतले, तर गुळगुळीत बाजू असलेले ते कण तांबड्या रक्तपेशी फोडत नाहीत. तेच दळले की फोडतात. मग २०२० मध्ये त्यांनी बोट ठेवलं ते रॅडिकलवर नव्हे, एका खास प्रकारच्या सिलॅनॉलवर: जे एकमेकांपासून चार ते सहा अँगस्ट्रॉमवर असतात, हायड्रोजन बंधाने बांधलेले नसतात, पण अगदी एकटेही नसतात. ‘जवळपास मुक्त’ सिलॅनॉल. दळल्याने ते वाढतात, आणि तापवून किंवा पुन्हा पाणी देऊन त्यांची संख्या बदलता येते. तापमानाने आपण रॅडिकल बदलतोय असं समजत होतो, तेव्हा हे सिलॅनॉलही बदलत होतेच. याचा अर्थ रॅडिकल बाद झाले असा नाही. पेशीच्या पटलाला पहिला धक्का कोण देतं आणि नंतरचं ऑक्सिडेशनचं नुकसान कोण करतं, हे दोन वेगळे प्रश्न असू शकतात.

आता २०१२ च्या पेपरकडे. फ्यूम्ड सिलिका बनते ती ज्योतीत: सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ १३०० अंशांच्या वर जळते आणि तयार झालेले नॅनोकण क्षणार्धात गार होतात. लोहार लालभडक पातं पाण्यात बुडवून त्याला पाणी पाजतो, तेव्हा गरम अवस्थेतली रचना सावरायला वेळ मिळत नाही, ती तशीच गोठते. इथेही तसंच होतं. गरम जाळ्यातली अवघडलेली कडी गार अवस्थेत कैद होतात.

कडी म्हणजे काय? सिलिकॉन-ऑक्सिजनच्या जाळ्यात फिरत फिरत परत सुरुवातीला येणारी वर्तुळं. ऐसपैस सिलिकात पाच-सहा सिलिकॉनची कडी चालतात आणि पुलाचा कोन १४४ अंशांच्या आसपास राहतो. तीन सिलिकॉनच्या कड्यात तो १३० वर येतो; रामन स्पेक्ट्रममध्ये ६०६ ला दिसते ती या कड्यांची रेघ. दोन सिलिकॉनचं कडं तर फारच ताणलेलं, कोन नव्वदीच्या जवळ. सिलिका निर्वातात पाचशेच्या पुढे तापवली की इन्फ्रारेडमध्ये ८८८ आणि ९०८ ला रेघा येतात, त्या या कड्यांच्या. एकटे, दूर बसलेले सिलॅनॉल कसेबसे जोडले गेले की असे ताणलेले पूल तयार होतात.

ताणलेल्या पुलात ऊर्जा साठलेली असते. मघाचा ४५० किलोज्यूलचा हिशेब निवांत बंधाचा होता. ताणलेल्या बंधाला तितकी बाहेरून द्यावी लागत नाही. हे कण पाण्यात गेले की पूल उघडतात. बहुतेक वेळा ते सरळ मार्गाने उघडतात: पाण्याचा रेणू आला, दोन सिलॅनॉल झाले, रॅडिकल नाही. पण काही पूल एकेक इलेक्ट्रॉन वाटून फुटतात आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल येतात, असा ब्रिंकर-नेल गटांचा प्रस्ताव आहे. ‘प्रस्ताव’ हा शब्द जपून वापरलाय. त्यांना रॅडिकल दिसले, तीनच्या कड्यांचं प्रमाण जास्त दिसलं, आणि द्रावणात बनलेल्या त्याच आकाराच्या, १६ नॅनोमीटरच्या कणांत दोन्ही कमी दिसलं. एकाच कड्याला फुटताना कोणी पकडलेलं नाही. याच पेपरात आणखी एक निरीक्षण आहे: फ्यूम्ड सिलिकाचा विषारीपणा सिलॅनॉलच्या प्रमाणाबरोबरही वाढतो. पुन्हा तेच दोन धागे, एकमेकांत गुंतलेले.

तर उष्णता इथे दोन कामं करते. असलेले रॅडिकल मारते, आणि पृष्ठभाग कोरडा, ताणलेला करून ठेवते. रॅडिकल दिसतातच तर ते नंतर, कण फुटल्यावर किंवा ताणलेल्या पृष्ठभागाला पाणी लागल्यावर. हळू गार केलं तर ताण बराच निवळतो, झटक्यात केलं तर राहतो.

एक तिसरा मार्ग आहे, तो थोडक्यात सांगतो. सिलॅनॉलच्या जागी मेथॉक्सी गट बसवून मग निर्वातात ७०० च्या पुढे तापवलं तर सेंद्रिय भाग जळत नाही, मोडतो, आणि मागे अतिशय क्रियाशील जागा राहतात. मॉर्टेरा आणि लो यांनी याला ‘रिॲक्टिव्ह सिलिका’ नाव दिलं. मॉस्कोत राडत्सिग यांनी या जागांचं रसायनशास्त्र पुढे नेलं. गंमत अशी की यातल्या कित्येक जागा सिलिलीन असतात, म्हणजे दोनच बंध असलेला सिलिकॉन, ज्याचे उरलेले दोन इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले असतात. ईपीआरला ते दिसतच नाहीत. क्रियाशील आहे म्हणजे रॅडिकल आहे असं नाही. तुमच्या सिलिकावर आधी कुठला सेंद्रिय पदार्थ होता का, नुसत्या इथेनॉलने धुतली होती का, हे म्हणून विचारायचं. इथेनॉलमुळे पृष्ठभागावर इथॉक्सी गट बसू शकतात.

आता मोजणीकडे, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. कोरड्या पुडीचा ईपीआर थेट घेतला तर पृष्ठभागाला बांधलेले रॅडिकल दिसतात. आधीचा एकावर एकवीस शून्यांचा आकडा आठवा. समजा तुमच्या नमुन्यात ग्रॅमला एकावर सोळा शून्ये इतके रॅडिकल मिळाले. आकडा अवाढव्य वाटतो, पण तो एक लाख सिलॅनॉलमागे एक इतकाच आहे. इन्फ्रारेडमध्ये बदल दिसला आणि ईपीआरमध्येही बदल दिसला तर ते एकाच जागेबद्दल बोलतायत असं लगेच धरू नका. एक तंत्र लाखाबद्दल बोलतंय, दुसरं त्या एकाबद्दल.

पाण्यातल्या हायड्रॉक्सिल रॅडिकलचं आयुष्य इतकं कमी की त्याला थेट पकडता येत नाही. म्हणून डीएमपीओसारखा सापळा टाकतात. रॅडिकल त्याला चिकटतो आणि टिकाऊ रॅडिकल तयार होतो. हायड्रॉक्सिल अडकला की १:२:२:१ अशा चार रेघा येतात. या चार रेघा दिसल्या की लोक ‘हायड्रॉक्सिल सिद्ध’ म्हणून मोकळे होतात. पण तेच चार रेघांचं उत्पादन आणखी दोन वाटांनी येतं. सुपरऑक्साइड अडकून मग मोडला तरी येतं. आणि लोह तीन असेल तर पाण्याचा रेणूच डीएमपीओला जोडला जाऊन, कुठलाही रॅडिकल नसतानाही येतं. म्हणून इथेनॉल किंवा फॉर्मेट घालून पुन्हा बघतात. खरा हायड्रॉक्सिल असेल तर तो आधी त्यांच्यावर तुटून पडतो, आणि सापळ्यात त्यांच्यापासून झालेला कार्बनचा रॅडिकल वेगळ्या रेघांनी दिसतो.

लोह हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. नैसर्गिक क्वार्ट्झमध्ये ते थोडंफार असतंच, अकीकात तर रंगच त्याचा. प्रयोगात हायड्रोजन पेरॉक्साइड घातला असेल तर फेंटन क्रियेने रॅडिकल येणारच. त्यात सिलिकाचा वाटा किती हे डेस्फेरिऑक्सामिनसारख्या लोह बांधणाऱ्या संयुगाशिवाय सांगता येत नाही. शिवाय तापवल्याने लोहाचीही अवस्था बदलते. पेपर वाचताना पद्धतीच्या भागात ‘पेरॉक्साइड’ शब्द आधी शोधा, मग निष्कर्ष वाचा.

हे सगळं तुम्हाला करायचं असेल तर एक छोटी मांडणी सुचवतो. शुद्ध क्वार्ट्झ घ्या आणि चार नमुने करा: नुसतं दळलेलं, दळून मग ८०० ला तापवून हळू गार केलेलं, दळून, तापवून, झटक्यात गार केलेलं, आणि आधी तापवून मग दळलेलं. प्रत्येकाचे दोन भाग करा, एक कोरड्या नायट्रोजनमध्ये, एक आठवडाभर दमट हवेत. आठ नळ्या होतात. पहिली आणि चौथी यांत फरक पडला नाही तर खंबायतच्या प्रश्नाचं तुमचं उत्तर तयार आहे. दुसरी आणि तिसरी यांत फरक पडला तर गार करण्याचा वेग बोलतोय. दमट भागात सिग्नल घटला पण सिलॅनॉल वाढले, तर पेशींवरचा परिणाम कोणाबरोबर जातो ते बघायला जागा मिळते. झटक्यात गार करायला पाण्यात बुडवू नका, नाहीतर ताणलेले पूल तिथेच उघडतील. थंड धातूच्या पाटावर कोरड्या वायूत पसरा.

दळायला काय वापरणार? स्टीलचं भांडं लोह मिसळतं. प्रयोगशाळेतला अगेटचा खलबत्ता म्हणजे अकीकच, तो स्वतः सिलिका, झिजून नमुन्यात येतो. झिरकोनियाचं भांडं बरं. दळणं आणि नळ्या भरणं फ्यूम हूडमध्ये, चांगल्या बसणाऱ्या मास्कसह. कापडी मास्क या कणांना अडवत नाही. श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच पहिल्या गटात टाकलं आहे.

ईपीआरची सोय विभागात नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या केंद्रात नमुने पाठवता येतात, पण तिथे नंबर लागेपर्यंत दिवस जातात. रॅडिकलचं हवेतलं अर्ध-आयुष्य ३० तास धरलं तर पाच दिवसांत सिग्नल सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे नळ्या निर्वातात सील करून पाठवायच्या, आणि प्रत्येकीवर दोन वेळा लिहायच्या: दळणं थांबवल्याची आणि सील केल्याची. सील करताना ज्योत नळीच्या वरच्या टोकाला असते, तेव्हा नमुना खाली ओल्या कापडात किंवा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा, नाहीतर न तापवलेला म्हणून ठेवलेला नमुनाही थोडा तापलेला निघेल. आणि नववी नळी रिकामी पाठवा, तशीच सील करून.